झुम्राआईचं दूध

सारायेवो, ७ नोव्हेंबर

सेमिर,

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, फेसबुकवरही केलंस. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या पोस्टमनला मात्र तुला बंद करता येणार नाही, म्हणून हे कागदावर लिहितेय. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल फाड.

तुझ्या मित्रांनी तुला सांगितलंय म्हणे की अल्मासाला विद्यापीठात कुणी जर्मन प्राध्यापक मिळाला. मिळाला असता तर बरंच झालं असतं. निदान तुला शिव्या द्यायला एक माणूस सापडला असता. तसं कुणी नाही. लग्न दोन आठवड्यांवर आलेलं असताना मी तुला फोन केला, 'होणार नाही' एवढंच म्हटलं आणि कारण सांगितलं नाही, कारण तुझ्या आईला मी तसा शब्द दिला होता. हाय्रियामावशी माझ्या पाया पडायची बाकी राहिली होती. तो शब्द मी आज मोडतेय. तू मला हलकट समजून आयुष्य काढावंस, एवढी मी मोठ्या मनाची नाही.

ऑक्टोबरमध्ये मी गोराझ्देला गेले होते, झुम्राआईकडे. तुला माहीत आहे, लढाईत माझ्या आईचं दूध आटलं तेव्हा मला झुम्राआईने पाजलं. आता आई नाही, तेव्हा लग्नाआधी 'तुझं दूध मला हलाल कर', त्याचं ऋण माफ कर, असं म्हणायचं ते तिलाच. शिवाय माझा प्रबंध होताच. तू हसायचास ना, 'चार वर्षं झाली, अजून ही बाई कुणी कुणाला दूध पाजलं हेच विचारत गावोगाव फिरतेय.' म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. रेकॉर्डर घेतला. तुझ्या आईला म्हटलं, चला, लढाईनंतर तुम्ही गोराझ्दे पाहिलं नाहीये, फिरून येऊ.

मावशी आधी गाडीतच बसून राहणार होती, गुडघ्याचं कारण सांगून. पण झुम्राआई स्वतः फाटकापर्यंत आली. "पाहुणी गाडीत आणि मी घरात कॉफी पिऊ? लोक काय म्हणतील मला?" मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मी रेकॉर्डर साखरेच्या भांड्याशेजारी ठेवला आणि चालू केला. झुम्राआई कॉफी ओतत होती.

"तुम्ही मूळच्या फोचाच्या का?" तिने विचारलं.

"फोचाची. पळून इथं आले होते, तान्हं बाळ घेऊन. गुडघा इथंच फुटला माझा, गोळा लागून. त्या दवाखान्यामागच्या इमारतीत होतो आम्ही, तळघरात."

झुम्राआईने कॉफीचा जेझ्वा खाली ठेवला. "त्या बाळाच्या अंगावर पुरुषाचा स्वेटर होता का? बाह्या पाठीमागे गाठ मारलेल्या?"

तुझी आई उभी राहिली, त्या गुडघ्यावर. "त्याच्या बापाचा," ती म्हणाली.

सेमिर, मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडल्या, ते मी कधी पाहिलं नव्हतं. तुझी आई म्हणत होती, "मला तुमचं नावसुद्धा कळलं नव्हतं हो. मी शुद्धीवर आले तेव्हा बाळ कुशीत दिलं आणि लगेच आम्हाला जखमींबरोबर गावाबाहेर हलवलं. दर बैरामच्या सणाला तुमच्यासाठी दुआ मागते, नाव न घेता. अल्लाला म्हणते, तुला माहीत आहे ती बाई." झुम्राआई हसत होती, डोळे पुसत होती. मीही रडत होते, आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, काय भारी रेकॉर्डिंग मिळालं.

मग झुम्राआईने विचारलं, "आणि माझा तो लबाड कसा आहे? चावायचा मेला. आता बाप्या झाला असेल."

तुझी आई हसत म्हणाली, "बाप्या? अहो, त्याचंच तर लग्न आहे. हिच्याशी."

ते वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं. कळणारच, चार वर्षं दुसरं काय शिकतेय मी? एका बाईचं दूध प्यायलेली दोन मुलं सख्खी भावंडं, त्यांचा निकाह नाही. शांततेच्या दिवसांत बाई दुसऱ्याचं मूल पाजते तेव्हा गल्लीभर सांगते, उद्या कुणी चुकून त्यांची सोयरीक करू नये म्हणून. तळघरात कुणी कुणाला सांगायचं होतं? बाळाचं नाव विचारायलाही कुणाला सवड नव्हती.

"ते यंत्र बंद कर," तुझी आई म्हणाली. मी बंद केलं. "एखाददुसऱ्या वेळी पाजलं असेल," ती म्हणाली. झुम्राआई खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात होता तोवर माझ्याच अंगावर पीत होता तो." कॉफी निवून गेली.

परतीच्या वाटेवर तुझी आई गाडीत म्हणाली, "त्याला सांगू नकोस. तो ऐकणार नाही, तुला पळवून नेईल, आणि मी दोन्हीकडून मरेन. तूच मोड." म्हणून मी मोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो महिनाभर खाल्ला. आता तुला कळलं. आता फाड.

अल्मासा

सारायेवो, २९ नोव्हेंबर

सेमिर,

तुझं पत्र आलं. पाच ओळी आणि त्यांत तीन शिव्या. त्यातली एकही मला नाही, म्हणून बरं वाटलं.

तू म्हणतोस, मी देवाला मानत नाही तर दुधाला काय मानू. तू म्हणतोस, ग्राझच्या नोंदणी कार्यालयात कुणी विचारणार नाही की तुम्ही तान्हे होता तेव्हा काय प्यायलात. बरोबर आहे, नाही विचारणार. मी तरी कोण मोठी धार्मिक? रमजानचा पहिला आणि शेवटचा रोजा धरणारी बाई मी. डॉक्टर म्हणतील, रक्ताचं नातं नाही, मुलं धडधाकट होतील. सगळं मला पाठ आहे.

आणि आणखी एक ऐक, म्हणजे तुझ्या हातात आणखी एक दगड येईल. माझ्या प्रबंधाचं पहिलंच प्रकरण म्हणतं की दुधाचं नातं माणसांनी बनवलेलं असतं, आणि माणसांनी बनवलेलं माणसांना मोडता येतं. माझीच वाक्यं. परिषदेत वाचली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. परवा मी ते प्रकरण काढून वाचलं. सगळं जागच्या जागी आहे, एक शब्द चुकलेला नाही, आणि मला त्यातलं काही उपयोगाचं वाटलं नाही.

प्राध्यापकबाईंना मी सांगून बसले. सांगायला नको होतं, पण प्रबंध का थांबलाय म्हणून रोज विचारत होत्या. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या, खूप वाईट वाटलं त्यांना, आणि मग हळूच म्हणाल्या, "अल्मासा, हे लिही. असं साहित्य संशोधकाला जन्मात एकदा मिळतं." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा, नवऱ्या मुलासकट." त्या दिवसापासून आम्ही कॉरिडॉरमध्ये एकमेकींना टाळतो.

तू विचारलंयस, 'तुला मी हवा आहे की नाही, एका शब्दात सांग.' हवा आहेस. सकाळी उठल्यावर हवा असतोस, भाजी घेताना हवा असतोस, तुझ्या आईचा फोन येतो तेव्हा तर फारच हवा असतोस. ज्या कपाटात लग्नाचे कपडे आहेत त्याचं दार मी अजून उघडलेलं नाही.

मला थोडा वेळ दे. मी नाही म्हटलेलं नाही. झुम्राआईने परवा निरोप पाठवलाय, 'ये, बोलायचंय, मार्ग निघेलसं वाटतंय.' नवं वर्ष लागलं की जाईन. मार्ग निघाला तर त्याच गाडीने थेट ग्राझला येईन. हे मी तुला शाईने लिहून देतेय.

अल्मासा

सारायेवो, १५ जानेवारी

सेमिर,

मी आले नाही, यावरून तुला कळलंच असेल. पण काय झालं ते कळलं पाहिजे. मला घाईत 'तू घाबरलीस' म्हणू नकोस. मी घाबरले नव्हते, मी बॅग भरून गेले होते. पासपोर्टही घेतला होता.

झुम्राआई थकलीय. श्वास पुरत नाही तिला, जिना चढताना मधेच बसते. पण त्या दिवशी तिने पिटा केली होती, चीज घालून, मला आवडते तशी. मला बसवलं आणि दार लावून घेतलं, कुणी नसताना.

"मी एफेंदींकडे जाऊन आले," ती म्हणाली. मशिदीचे एफेंदी, तरुण आहेत, तिच्याशी आदराने वागतात. "नावं नाही घेतली हां. दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं विचारलं. म्हटलं, एखाद्या बाईने मूल पाजलं, पण तिला नक्की आठवत नसेल तर? ते म्हणाले, खात्री नसेल तर हुकूम लागत नाही. शंका म्हणजे शंका."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मला आठवत नाही. म्हातारी झाले. तळघरात दिवा होता का? सगळी तान्ही बाळं सारखीच दिसतात. हाय्रियाही म्हणेल की तिची ओळखण्यात चूक झाली. ती आणि मी बोललोय फोनवर. ते यंत्रातलं तू पुसून टाक."

सेमिर, दोन म्हाताऱ्या फोनवर बसून आपल्यासाठी खोटं जुळवत होत्या. त्यातली एक पाच वेळा नमाज पढणारी. मी खरंच हात पुढे केला होता. घ्यायचं ठरवलं होतं मी ते. देवाशी माझं मी बघेन म्हटलं.

पण ती थांबली नाही ना. तिला नीट करायचं होतं सगळं. ती म्हणाली, "फक्त एक सांग. दोघांपैकी एकाला नाकारलं की पुरे आहे, दोघांना नको. मग कुणाला नाकारू?"

मी हात मागे घेतला.

"मी विचार केला," ती म्हणाली. "त्याला नाकारलं तर हाय्रिया फोनवर हो म्हणाली खरी, पण दर बैरामला दुआ मागणारी ती, तिच्या तोंडून ते निघायचं नाही. तुला नाकारते. तुझी आई नाही, साक्षीला कुणी नाही. आणि तू समजूतदार आहेस, तू रागावणार नाहीस. बैरामला येत जा, शेजारीण म्हणून ये. कोण अडवतंय?"

तिच्याच बोटाला धरून मी चालायला शिकले. तिचा स्वतःचा तान्हा इस्मेत त्या तळघरात वारला तेव्हा त्याने अजून मानही धरली नव्हती. त्याच्या वाट्याचं दूध तुझ्या-माझ्या पोटात गेलं. त्यानंतर तिला मूल झालं नाही. लोक विचारतात, मुलं किती? तर ती कधी 'नाही' म्हणत नाही. 'दोन आहेत' म्हणते, 'एक सारायेवोला शिकतेय, एकाचा पत्ता नाही.' सेमिर, आयुष्यभर तिने तुला मोजलंय, तुझं नाव माहीत नसताना. आणि आता पत्ता लागला तर तिने दोघांपैकी एकाला खोडायचं, आणि कुणाला ते मला विचारून.

ती पिटा वाढत होती आणि पुटपुटत होती, सवय व्हावी म्हणून, "अल्मासाला मी पाजलं नाही. अल्मासाला मी पाजलं नाही." तिसऱ्यांदा तिला म्हणता आलं नाही. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "खा गं, निवेल."

मी खाल्लं. भावाबहिणींचं माहीत नाही, पण ती बाई आपली आई नाही असं म्हणून मला तुझ्याजवळ झोपता येणार नाही. शास्त्र बाजूला ठेव, एफेंदी बाजूला ठेव, माझा प्रबंध तर चुलीत घाल. एवढंच आहे ते. मला तुझ्यासाठी खोटं बोलता आलं असतं. तिच्याकडून ते वदवून घेता आलं नाही.

मी तिला म्हटलं, "कुणालाच नाकारू नकोस." ती म्हणाली, "मग तुमचं कसं होईल?" मी म्हटलं, "होईल काही तरी." ती डोक्याच्या रुमालाने माझं तोंड पुसायला लागली, मी काय लहान आहे का?

तू रागाव. मी तुझ्या जागी असते तर रागावलेच असते. पण तिला एकदा फोन कर. नंबर मागे लिहिलाय. काही बोलू नकोस हवं तर, नुसता आवाज ऐकव.

अल्मासा

गोराझ्दे, १९ मार्च

सेमिर,

तू आता ग्राझला पोचला असशील. मी अजून इथंच आहे, झुम्राआईच्या घरी. काल तिच्यासाठी दुआ मागायला बायकांचा तेव्हिद झाला, घर भरलं होतं, आज भांडी धुतेय. मधेच बसून हे लिहितेय, कारण तू पुरुषांत होतास आणि मी कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर बायकांत, आणि तिकडून काय दिसत होतं ते तुला कळलं पाहिजे.

आधी एक सांगते. ती गेली त्या सकाळी तुझी आई म्हणाली, "सेमिरला फोन करते." मी म्हटलं, "नको." मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इतक्या लांबून कशाला, रजा मिळणार नाही, वाटेत बर्फ आहे. सगळं खोटं. मला माहीत होतं तू आलास तर कोण म्हणून येशील. जोवर ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती तोवर मी मनात एक फट उघडी ठेवली होती. इतकं सगळं लिहूनसुद्धा ठेवली होती. त्यातून वारा यायचा, आणि मी तो येऊ देत होते.

तुझी आई, जिने ऑक्टोबरात मला शपथ घातली होती की कुणाला कळता कामा नये, ती म्हणाली, "त्या बाईने माझं पोर जगवलं. तिला परक्या माणसांनी कबरीत उतरवलं तर मला मेल्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आणि तिने फोन लावला. मला वाटलं तू उचलणार नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू कामाच्याच पँटमध्ये आलास. दुपारची नमाज होऊन गेली होती. आम्ही बायका कुंपणाशी उभ्या होतो, कुणी मोठ्याने रडत नव्हतं, इथं तशी रीत नाही. कबरीपाशी एफेंदी म्हणाले, "खाली उतरायला जवळचं कोण आहे?" पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. तिचा एक पुतण्या, तो अमेरिकेत. शेजारचा रामिझ पुढे सरकत होता. तेवढ्यात तू जाकीट काढलंस आणि कुणाच्या तरी हातात दिलंस.

"तुम्ही मयताचे कोण?" एफेंदींनी विचारलं. वारा आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

तू म्हणालास, "मुलगा."

कुणी पुढे विचारलं नाही. या गावात असं उत्तर पुरतं, लढाईनंतर तर पुरतंच. माझ्या शेजारच्या बाईने मात्र तुझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, कारण मी झुम्राआईची मुलगी हे तिला ठाऊक होतं. ती मला म्हणाली, "तुझा भाऊ का गं हा? अल्ला तुम्हा दोघांना सबूर देवो." मी म्हटलं, "आमीन."

तुझ्या आईने माझा हात घट्ट धरला. मी रडले, रीतभात सोडून रडले. लोकांना वाटलं आईसाठी रडतेय. अर्धं तिच्यासाठीच होतं.

एक मात्र सांगते, मनापासून. तू तिला ज्या हातांनी घेतलंस ते मी पाहिलं. डोकं किती अलगद ठेवलंस. तसं परक्याला जमलं नसतं. मी दिवसभर तुझ्यावर चिडले होते, की एका शब्दात सगळं संपवलंस, माझ्याकडे न बघता. आज भांडी धुताना चीड गेली. संपवायला कुणी तरी हवंच होतं आणि माझ्याने ते होत नव्हतं.

मग तू वर आलास, गुडघ्यांना ओली माती लागलेली. माणसं पांगत होती. तू फाटकातून माझ्यासमोर आलास, थांबलास, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलंस. मला वाटलं, आता काही तरी बोलेल, आपल्याबद्दल.

तू विचारलंस, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

मी 'हो' म्हटलं. खाल्लं नव्हतं.

अल्मासा